यंत्राचा वेग आणि विजेचे मोल



पारनेरला विजेविषयी बोलावयाचे तर सेनापती बापटांचे स्मरण आधी होते. १८८० साली ह्याच गावी त्यांचा जन्म झाला. १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहात ते धरणाखाली बुडणाऱ्या जमिनींसाठी झगडले. त्या धरणाची वीज मुंबईला जावयाची होती. वीज येते ती कोणाचे तरी काही घेऊन येते, हा धडा आम्ही त्या लढ्यापासून घेतला. म्हणून आजचा विषय लहान असला तरी आम्ही तो क्षुल्लक मानीत नाही. लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग आवरून बॅटरी कशी पुरवावी, हा तो विषय.

असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २०२१ साली सुरू झाली, तेव्हापासून आम्ही वाड्यावस्त्यांवर लॅपटॉप घेऊन अर्ज भरावयास बसत आलो. पुष्कळदा वीज गेलेली असते आणि समोर मजुरी बुडवून आलेली माणसे असतात. बॅटरी मध्येच संपली तर मागे उरलेल्यांची त्या दिवसाची रोजी फुकट जाते. तेव्हा हा प्रश्न रोजीचाच आहे. हिशेब साधा आहे. बॅटरी ५० वॅट-तासांची असेल आणि यंत्र १० वॅट खात असेल, तर ती ५ तास पुरते. २० वॅट खात असेल, तर अडीच तासांत संपते.

आता यंत्राच्या आत पाहू. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा हिशेब करणारा भाग. त्यात कोट्यवधी सूक्ष्म स्विच असतात व ते ठोक्याठोक्याला उघडमीट करतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. प्रत्येक उघडमिटीला किंचित वीज लागते. वेग दुप्पट केला की खर्च दुप्पट, एवढ्यावर भागले असते तर बरे होते. पण वेग बराच वाढवावयाचा तर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेजही, वाढवावा लागतो. आणि खर्च त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेवटचा थोडा वेग सर्वांत महाग पडतो तो ह्यामुळे.

जुने उदाहरण घ्या. इंटेल कंपनीने २००० साली स्पीडस्टेप नावाची सोय लॅपटॉपच्या पेंटियम-तीन प्रोसेसरात आणली. त्यातला एक प्रोसेसर भिंतीच्या विजेवर ६५० मेगाहर्ट्झने, १.६ व्होल्टवर चाले. बॅटरीवर तो ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर उतरे. वरील नियमाने गणित केले तर वेग २३ टक्क्यांनी घटतो, पण विजेचा खर्च सुमारे ४५ टक्क्यांनी. आजचे प्रोसेसर दोनच पायऱ्यांवर थांबत नाहीत. कामाचा भार पाहून ते क्षणोक्षणी वेग बदलतात आणि काम नसता झोपही घेतात.

मग आपण काय करावयाचे उरते? त्यासाठी एकच प्रश्न विचारावा : कामाला लागणारा वेळ माणसाचा आहे की यंत्राचा? अर्ज भरताना समोरची बाई नाव सांगते, जन्मतारीख आठवते, आम्ही ती टंकतो. यंत्र बहुतेक वेळ वाटच पाहत असते. तरीही नवे पान उघडताना ते क्षणभर सर्वोच्च वेगाला झेप घेते. पान अर्धा सेकंद आधी उघडते, अर्ज मात्र आधी संपत नाही. ही झेप आवरली तर आपले काही बिघडत नाही आणि बॅटरी वाचते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी ह्या वाटेने गेले की पॉवर मोड सापडतो. तेथे बेस्ट पॉवर एफिशियन्सी निवडावे. पडद्याचा उजेड कमी करावा आणि नको असलेली पाने मिटवावीत, कारण वीज खाणारा प्रोसेसर एकटाच नव्हे.

उलट, चलच्चित्र तयार करण्यासारखे काम यंत्राच्याच वेळाने संपते. तेथे वेग फार उतरवला तर काम लांबते, तितका वेळ पडदा जळत राहतो, आणि वाचवलेले तिकडे जाते. असे काम भिंतीची वीज असताना करावे. वेग अगदी तळाला बांधून ठेवणेही शहाणपणाचे नाही. पान उघडता उघडेना आणि रांग ताटकळली, तर बचत कोणासाठी?

मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली मोठा संप झाला. एका विणकऱ्याने अधिक माग सांभाळावेत, हा त्यातील वादाचा एक मुद्दा होता. वाढत्या वेगाची किंमत मालाच्या वहीत दिसत नाही, ती दुसरीकडे कोठेतरी भरावी लागते, हे कामगारांनी तेव्हाच ओळखले होते. माणसाला ती अंगाने भरावी लागते, यंत्राला विजेने. यंत्र संप करीत नाही, ते नुसते बंद पडते. म्हणून त्याचा वेग कामापुरता ठेवणे, ही ते हाताळणाऱ्याची जबाबदारी होय.