चुलीआधीचं रांधप

इमारती उठण्याआधीचं वसई तालुक्यातलं आचोळं गाव, साधारण १९५०-६०च्या सुमाराचं. आषाढ लागलाय, भाताची लावणी ऐन भरात आहे, आणि घरातल्या बायांना चूलही सुटत नाही अन् शेतही.

पहाटे ४. कोंबड्याच्या आरवण्याबरोबर सासू राखेतला निखारा उकरते. काडेपेटी सादळलेली असते, म्हणून रात्री निखारा राखेखाली झाकून ठेवणं ही घरातली मोठी जबाबदारी. पावसाआधी पडवीत रचलेली लाकडंही पुरती कोरडी नसतात. फुंकणीने फुंकून धुराने डोळ्यांतून पाणी आलं की कुठे जाळ धरतो.

४।।. खरं काम इथं. उखळात भात ओतून सासू-सून समोरासमोर उभ्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. ताल चुकला तर मुसळावर मुसळ. तूस सुटलं की सुपात घेऊन पाखडायचं आणि पुन्हा कांडायचं. कणी पेजेला, कोंडा म्हशीला. वाया काहीच जात नाही, बायांच्या कंबरा सोडून.

६. पेज चुलीच्या बाजूच्या वैलावर सरकते आणि विहिरीच्या खेपा सुरू होतात. पावसात पाणी भरायला भिजत जायचं, हा विनोद कुणालाच सुचत नाही.

७. तांदळाच्या पिठाची उकड मळून भाकऱ्या हातावर थापायच्या. निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील. मासळीची ही बेगमी उन्हाळ्यातच करून चुलीच्या वर टांगलेली; धुरामुळे बुरशी धरत नाही. मघाचा धूर असा कामाला येतो.

८ ते ५. सून चिखलात, आवणाला, म्हणजे लावणीला. दुपारी सासू डोक्यावर पाटी घेऊन बांधावर भाकरी पोचवते. घरी येऊन राखेने भांडी घासते, पाट्यावर मसाला वाटते.

संध्याकाळी ७. घासलेटची चिमणी लागते. भात आणि जवळ्याचं कालवण तासाभरात होतं. दिवसभरात प्रत्यक्ष रांधायला लागलेला वेळ पाहिला तर तो थोडाच. चुलीच्या कामातला बाकी वेळ धान्य, पाणी आणि जळण चुलीपर्यंत आणण्यात गेला. पुढे भाताची गिरण आली तेव्हा बायांनी आधी मुसळच कोपऱ्यात उभं केलं, ते उगाच नाही.

९. आधी पुरुष जेवतात, मग बाया. सासू कणगीतून उद्याचं भात काढते. पायलीभर भाताचे तांदूळ निम्म्याच्या आसपास, म्हणून आवणाला बोलावलेली माणसं मोजून ती आणखी एक पायली ओतते.

“एवढं?” सून विचारते.

“उद्या तीनला उठू,” सासू म्हणते.