पत्ते कोणाचेही, नाल एकाचीच

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. तेव्हापासून पोकरच्या व्यावसायिक खेळाडूंनी एक गाऱ्हाणे मांडले आहे. त्यांचे म्हणणे असे की, पोकर हा जुगार नव्हेच. ती बुद्धीची, संयमाची आणि गणिताची कसोटी आहे. या युक्तिवादाचा निकाल नाक मुरडून लागावयाचा नाही.

खेळाडूंचे म्हणणे बव्हंशी खरे आहे, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेली पाने, मध्ये सर्वांसाठी मांडलेली पाच पाने, आणि फेरीगणिक वाढत जाणारा पण, असे या खेळाचे प्रचलित रूप आहे. बावन्न पानांतून पाचांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात तयार होतात. त्यांत एकाच रंगाच्या दश्शीपासून एक्क्यापर्यंतचा सर्वश्रेष्ठ हात अवघ्या चार प्रकारांनी जुळतो. हे गणित ज्याला तोंडपाठ आहे आणि ज्याच्या चेहऱ्यावरून हाती राजा आहे की दुर्री याचा थांग लागत नाही, तो पुष्कळदा जिंकतो. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ‘लिब्राटस’ या संगणकीय प्रणालीने चार निष्णात खेळाडूंना वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून पराभूत केले. खेळ निव्वळ दैवाचा असता, तर हे घडलेच नसते.

परंतु या कबुलीतून जे निष्पन्न होते, ते खेळाडूंच्या सोयीचे नाही. कौशल्यच जर निर्णायक असेल, तर नवख्याचे हरणे हे दुर्दैव नव्हे, ती निश्चिती होय. सोडतीच्या तिकिटात भोळ्याला आणि चतुराला संधी तरी सारखी असते. पोकरच्या टेबलावर ती नसते. म्हणजे कौशल्य हे जिंकणाऱ्याचे भूषण असले, तरी हरणाऱ्याला त्याने संरक्षण मिळत नाही. उलट त्याचा खिसा अधिक खात्रीने रिकामा होतो.

शिवाय टेबलावर एक असामी अशी असते, की जिला पत्ते हाती धरावे लागत नाहीत. आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून जो हिस्सा काढून घेतो, त्याला ‘नाल’ म्हणतात. दहा जण दहा-दहा हजार रुपये घेऊन बसले आणि नाल शेकडा पाच आहे, असे समजू. तो लाख रुपयांचा ऐवज चौदा वेळा डावांतून फिरला, की निम्म्याहून अधिक रक्कम नालवाल्याच्या पेटीत गेलेली असते. खेळणाऱ्यांपैकी कोण हुशार, याची चिंता त्याला करावी लागत नाही. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या एका हिशेबनिसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन प्रवेशापासून सुरुवात करून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत २५ लाख डॉलर मिळविले. ती कथा जगभर सांगितली गेली. त्या स्पर्धेतील उरलेल्या ८३८ जणांची कथा कोणी सांगितली काय?

हा लास व्हेगासचा प्रश्न भिवंडीच्या टेमघरात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कापसाच्या इतिहासात आहे. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत. ते आकडे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी व पुढे १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मटक्याचा धंदा उभारला. ‘कल्याण मटका’ हे नाव त्या कल्याणजींवरून आले, शेजारच्या कल्याण शहरावरून नव्हे. गिरणगावच्या कामगारांचा पगार त्या मटक्यात किती मुरला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या. भिवंडीचे यंत्रमाग मात्र चालत राहिले. मीटरच्या हिशेबाने मजुरी कमावणाऱ्या माणसाला आता अड्डा शोधत जावे लागत नाही. अड्डाच त्याच्या खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. आणि आमच्या सुशिक्षित वाचकांनीही निश्चिंत राहू नये. ‘हा जुगार नव्हे, कौशल्य आहे’ हे वाक्य यंत्रमाग कामगारापेक्षा पदवीधर तरुणाला अधिक लवकर पटते.

त्या वाक्याला कायद्याचाही आधार होता. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले, पण कौशल्यप्रधान स्पर्धा वेगळ्या काढल्या. १९६८ साली रमीला त्या पंक्तीत स्थान मिळाले. पोकरला मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते नाकारले. नव्या कायद्याने हा भेदच पुसला: ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसा लागला की मनाई. शिक्षा खेळ चालविणाऱ्यास आहे, खेळणाऱ्यास नाही. या धोरणाचे आम्ही स्वागत करतो. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, आणि मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंना तो लागू नाही, हेही विसरून चालणार नाही. महाराष्ट्राने १९७६ चा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द करून निदान आपल्यापुरती संदिग्धता संपविली, हे बरे झाले.

तथापि केवळ मनाईने व्यसन जात नाही. मटकाही बेकायदाच होता. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील संवाहक देणेकऱ्यांच्या भीतीने ओसाड देवळात मूर्ती होऊन उभा राहतो, आणि समोर फासे पडू लागताच सारे भय विसरून डावात उडी घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या विकाराची नोंद आहे. तेव्हा घरातील अशा माणसाला उपदेशाआधी उपचार मिळावेत. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. दुसरी गोष्ट कर्जाची. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० अन्वये पैजेचा करार शून्य ठरतो. पैजेत जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. हे ज्या पत्नीला ठाऊक असेल, ती दारात आलेल्या वसुलीदाराला घाबरून मंगळसूत्र काढून देणार नाही. ती पोलिसांकडे जाईल.

बुद्धीच्या खेळाला आमचा विरोध नाही. बुद्धिबळाचा पट मांडा, पैसे न लावता पत्तेही खुशाल कुटा. खेळ खरोखरच कौशल्याचा असेल, तर पैसा काढून घेतल्यावरही त्याची गोडी टिकेल. आणि ती टिकत नसेल, तर आपण कशाच्या आहारी गेलो होतो, याचे उत्तर खेळणाऱ्यानेच स्वतःला द्यावे.