शरीराचे पाच रक्षक
चैत्र पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर लाखो भाविक जमतात. अशा गर्दीत शरीर रोगजंतूंशी झुंजते ते प्रतिपिंडांच्या बळावर. दोन जड व दोन हलक्या साखळ्यांची मूळ घडण असलेल्या या प्रथिनांचे पाच वर्ग आहेत. पाच घटक जोडून बनलेला ‘एम’ प्रथम धावून येतो. ‘जी’ मागाहून येऊन दीर्घकाळ टिकतो व वारेतून गर्भास पोचतो. म्हणूनच गर्भवतीस टोचलेली धनुर्वाताची लस नवजात बालकासही तारते. ‘ई’ कृमींशी लढतो, पण अॅलर्जीच्या दम्यासही कारण ठरतो. ‘डी’ मुख्यतः पेशींच्या पृष्ठभागावर असतो. ‘ए’ लाळेत व आतड्यात असतो; बाळंतिणीच्या पहिल्या चिकात तर तो विपुल असतो. हा चीक टाकून देण्याची चाल मोडणे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांचे मोठेच आरोग्यकार्य ठरेल.