घाटकोपरचा बाजार मुलुंडच्या पुढे कसा गेला?

दिवाळी जवळ आली की बऱ्याच बचत गटांपुढे एकच प्रश्न असतो, माल कुठल्या बाजारात न्यायचा? दोन बाजार सारख्याच अंतरावर, जागेचं भाडंही सारखंच. तरी एकीकडे दुपारपर्यंत पाट्या रिकाम्या होतात आणि दुसरीकडे दिवसभर उन्हात बसून माल परत आणावा लागतो. असं का होतं, हे समजायला आज आपण मुंबईच्या उपनगरातले दोन बाजार पाहू, घाटकोपर आणि मुलुंड.

दोन्ही ठिकाणं मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ती या दोन्ही गावांच्या कडेने. लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुन्या माणसांचा आग्रा रोड, तोही दोन्हीकडून जातो. दोन्हीकडे गुजराती-कच्छी व्यापारी, दोन्हीकडे मराठी नोकरदार वस्ती. उलट मुलुंडचं पारडं थोडं जडच म्हणायला हवं. 1922 च्या सुमारास तिथल्या वस्तीची रीतसर आखणी झाली. सरळ रस्ते काढले. पाच रस्ते जिथे मिळतात त्या चौकाला आजही पाच रस्ता म्हणतात. घाटकोपर स्टेशनच्या बाहेर मात्र संध्याकाळी पाऊल टाकायला जागा नसते. आणि तरीही लांबून खरेदीला येणारं गिऱ्हाईक उतरतं ते घाटकोपरला.

याचं उत्तर दुकानांत नाही, नकाशात आहे. मुंबई उत्तर-दक्षिण लांबट पसरलेली. पश्चिमेला एक रेल्वे, पूर्वेला एक. दोन्हींच्या मधे डोंगर, जंगल आणि पवई, विहार, तुळशी हे तलाव. बोरिवली आणि मुलुंड या जंगलाच्या दोन बाजूंना. नकाशावर वीतभर अंतर, पण मधून सरळ रस्ता नाही. एकतर घोडबंदर-ठाण्याचा वळसा घ्यायचा, नाहीतर खाली जोगेश्वरी-विक्रोळीच्या रस्त्याला यायचं. म्हणजे मुलुंडला पश्चिमेकडून कुणी सहज येत नाही. उत्तरेला पुढचंच स्टेशन ठाणे, त्याला जांभळी नाक्याचा स्वतःचा जुना बाजार. ठाण्याचा माणूस मुलुंडला कशाला येईल? मुलुंडचाच माणूस ठाण्याला जातो.

घाटकोपर त्या डोंगराच्या खाली, दक्षिणेला. तिथून अंधेरीकडे आडवं जाता येतं. पूर्वी हे बसने किंवा रिक्षाने, ट्राफिकमधून रखडत. रेल्वेने जायचं तर अंधेरीहून दादरपर्यंत खाली यायचं, गाडी बदलायची आणि पुन्हा वर जायचं. (दादरचा फुलबाजार आणि साड्यांची दुकानं एवढी का चालतात, याचंही अर्धं उत्तर इथेच मिळालं.) मग 8 जून 2014 ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. बारा स्थानकं, साडेअकरा किलोमीटरच्या आत, प्रवास वीस-बावीस मिनिटांचा. तिचं शेवटचं स्थानक घाटकोपर रेल्वे स्टेशनला पुलाने जोडलेलं आहे. मुलुंडहून रस्ता जातो. घाटकोपरला रस्ते एकमेकांना कापतात.

मॉलचंही तसंच. मुलुंडचा निर्मल लाइफस्टाइल उपनगरातल्या सुरुवातीच्या मोठ्या मॉलपैकी, पण पुढे त्याची रया गेली. त्याच शास्त्री मार्गावर घाटकोपरला 2009 मध्ये आर सिटी सुरू झाला, तो गजबजलेला आहे. मॉलची कारणं आणखीही असतील, भाडं, दुकानदार, व्यवस्था. पण जागेचं कारण त्यात नाही असं आम्हाला वाटत नाही.

हे मुंबईचंच नाही. जपानमध्ये टोकियो शहरात असाकुसा नावाचा फार जुना बाजार. सेन्सो-जी या मोठ्या देवळापुढे दुकानांची रांग, बाजूला नाटकं, सिनेमे. पण 1925 मध्ये शहराला वळसा घालणारी रेल्वे पूर्ण झाली, तिने असाकुसाला बाजूला ठेवलं. शिंजुकूवरून मात्र ती गेली, आणि पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांतून येणाऱ्या गाड्याही तिथेच येऊन थांबू लागल्या. 1923 च्या भूकंपानंतर पुष्कळ लोक त्या बाजूला राहायला गेले होते. आज असाकुसाला माणूस देवदर्शनाला आणि हौसेने जातो. रोज गाडी बदलणारा शिंजुकूला थांबतो.

आता आपल्या मालाचं बोलू. जिथे रस्ते मिळतात तिथेच बसावं, असं लगेच ठरवू नका. गाडी बदलणारा माणूस घाईत असतो. त्याला पाच किलो कुरडया नको असतात. त्याला हातात मावणारं पाकीट हवं, चिवडा, लाडू, चटणी, किंमत वर छापलेली, सुट्टे पैसे तयार. वर्षाचा मसाला, पापड, लोणचं हा माल ओळखीवर खपतो. तो मुलुंडसारख्या बाजारात बरा, जिथे तीच बाई दर महिन्याला त्याच दुकानापुढून जाते आणि मागच्या खेपेला मसाला तिखट होता हेही सांगते. गर्दीच्या जागेचं भाडंही जास्त असतं. पाकिटामागे चार रुपये सुटत असतील तर भाडं निघायला किती पाकिटं लागतील, ते निघायच्या आधी वहीत मांडा.

जागा बघायला बाजाराच्या दिवशी गटातल्या दोघी जणी जा. एकीने एसटी थांब्यावर उभं राहून किती गावांकडून गाड्या येतात ते मोजावं. दुसरीने उतरणाऱ्या बायका आधी कुठल्या बाजूला वळतात ते पाहावं. सकाळी पाहा आणि परतीच्या वेळी पुन्हा पाहा. खरेदी बहुधा परतीच्या वेळी होते.

मुलुंडचा खेळ मात्र संपलेला नाही. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम चालू आहे, बारा किलोमीटरच्या वर, जंगलाच्या डोंगराखालून बोगदे काढून. तो झाला की पश्चिमेचं गिऱ्हाईक सरळ मुलुंडला येऊ शकेल. तुमच्या तालुक्यात नवा पूल किंवा फाटा होणार असेल तर ग्रामपंचायतीत आत्ताच विचारून ठेवा, तिथे जागा स्वस्त आहे तोवर.