चार चाकांचा जोर दोन चाकांवर

दिल्लीलगतच्या गुडगाव येथील, म्हणजे आजच्या गुरुग्राममधील, कारखान्यातून १९८५ च्या डिसेंबरात ‘मारुती जिप्सी’ ही मोटार बाजारात आली. तिच्या चालकाच्या हाताशी गिअरच्या दांड्याखेरीज आणखी एक आखूड दांडा असे. तो एका खुणेवर असला म्हणजे एंजिनाचा जोर केवळ मागच्या दोन चाकांना मिळे. दुसऱ्या खुणेवर नेला म्हणजे तो चारही चाकांना मिळू लागे. सैन्याने आणि दिल्लीच्या पोलिसांनी ही गाडी वर्षानुवर्षे वापरली. सामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तथापि त्याच कारखान्यात तयार होणाऱ्या आणि २०२३ साली विक्रीस आलेल्या ‘जिम्नी’तही हा दांडा कायम आहे.

जिप्सीचा चालक जे एका हाताने क्षणात करतो, तेच बिनतारी नियंत्रणाच्या शर्यती बग्गीत करावयाचे झाल्यास पेचकस घेऊन बसावे लागते. ही बग्गी खऱ्या गाडीच्या एकदशांश आकाराची, सुमारे दीड किलोग्रॅम वजनाची आणि विजेच्या मोटरवर चालणारी असते. आज्ञा तिला बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून मिळतात. हा पट्टा ठराविक शक्तीच्या मर्यादेत भारत सरकारने २००५ साली परवान्याच्या अटीतून मुक्त केला. अशा बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे झाली, आणि तेव्हापासूनच चार चाकी जोराच्या व दोन चाकी जोराच्या गाड्यांचे वर्ग वेगळे आहेत. पुढील बाजूची दंतचक्रे मोडून बग्गी निकामी होऊन पडली असेल, तर तिला दोन चाकांवर आणणे हा नवी गाडी घेण्यापेक्षा पुष्कळच स्वस्त मार्ग होय.

परंतु जोर जर चारही चाकांना देता येतो, तर तो दोन चाकांपुरता मर्यादित का करावा? जिप्सीचेच उदाहरण घेऊ. तिच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २,३७५ मिलिमीटर आहे. मागील आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून चालला, तर पुढील आसाच्या मध्याला सुमारे ६.४५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जावे लागते. काटकोनातील एका वळणात पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा सुमारे ७१ सेंटिमीटर अधिक चालते. चार चाकी जोरात जिप्सीचे पुढचे व मागचे शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडलेले असल्याने दोन्ही सारखेच फिरतात. हा फरक मग कोणत्या तरी चाकाने घसरून भरून काढावा लागतो. वाळूत किंवा चिखलात चाक सहज घसरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते घसरू इच्छीत नाही आणि शाफ्टांना पीळ बसतो. म्हणूनच शहरात दांडा दोन चाकांच्या खुणेवर ठेवावयाचा असतो.

बग्गीत मोटर मध्यभागी असून तिच्यापासून एक शाफ्ट पुढे आणि एक मागे जातो; काही बग्ग्यांत शाफ्टांऐवजी दातेरी पट्टे असतात. दोन्ही टोकांना डिफरन्शिअल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वळणावर कमीअधिक फिरू देणारा दंतचक्रांचा संच, बसविलेला असतो. पुढचा शाफ्ट, पुढचे डिफरन्शिअल आणि तेथून चाकांकडे जाणारे दोन आडवे दांडे काढून घेतले की रूपांतर झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र ज्या आखूड आसावर प्रत्यक्ष चाक बसते, तो बेअरिंगांसह जागेवर राहिलाच पाहिजे. तो निघाला तर चाक कशावर बसणार? डिफरन्शिअलच्या रिकाम्या घरात धूळ साचू नये म्हणून ते झाकावे.

येथे एक खाच आहे आणि नवखे तिच्यात हटकून सापडतात. काही बग्ग्यांत, विशेषतः एकअष्टमांश आकाराच्या मोठ्या बग्ग्यांत, मध्यभागीही एक डिफरन्शिअल असते. ज्या बाजूला अडथळा कमी त्या बाजूला फिरणे, हा त्याचा स्वभाव. पुढचा शाफ्ट काढला की त्या बाजूला अडथळा उरतच नाही. मोटर गरगर फिरते, पुढील मोकळे टोक फिरते आणि गाडी जागची हलत नाही. यास्तव मधले डिफरन्शिअल काढून तेथे अखंड जोड बसवावा, किंवा त्याची आतील चक्रे एकमेकांस पक्की अडकवावीत. जिप्सीत मधले डिफरन्शिअल मुळातच नसल्याने तिला ही अडचण येत नाही.

गाडी चालू लागली तरी ती पूर्वीसारखी धावत नाही, आणि याचे कारण यंत्रात नसून वजनात आहे. समजा, १,६०० ग्रॅम वजनाच्या बग्गीचे निम्मे वजन मागच्या चाकांवर आहे. गुरुत्वमध्याची उंची आसांमधील अंतराच्या एकपंचमांश आणि धुळीच्या जमिनीचा घर्षणांक ०.६ आहे. चारही चाके जोर लावीत असता गाडीला जास्तीत जास्त ९६० ग्रॅम-भाराइतका रेटा मिळेल. केवळ मागची चाके जोर लावू लागली की, वेग वाढताना वजन मागे झुकते हे जमेस धरूनही, रेटा ५४५ वर येतो. बॅटरी मागे सरकवून मागचा भार ६० टक्के केला, तर तो ६५५ होतो. पुढचे भाग काढल्याने थोडा तोल आपोआपच मागे जातो. पण हा लोभ आवरता घ्यावा; पुढची चाके फार हलकी झाली तर ती जमीन धरीत नाहीत आणि बग्गी वळणावर सरळच जाते.

थांबताना परिस्थिती अधिकच बिकट होते. बग्गीला वेगळे ब्रेक बहुधा नसतात. मोटरच रोध करते आणि तो रोध जोडलेल्या चाकांपर्यंतच पोहोचतो. रोध लावताच वजन पुढे जाते, म्हणजे ज्या चाकांनी गाडी थांबवावयाची तीच हलकी होतात. वरील गाडीचा मागचा भार निम्माच ठेवला, तर रोधाची मर्यादा सुमारे ४२९ ग्रॅम-भार भरते. तीही ओलांडली की मागची चाके जखडतात आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. वेगनियंत्रकातील रोधाचे प्रमाण प्रथम निम्म्यावर आणावे व चाचणी घेत हळूहळू वाढवावे.

दोन चाकी जोरासाठीच घडविलेल्या बग्ग्यांत पुढच्या चाकांची वळण्याची अक्षरेषा मागे बरीच, २५ ते ३० अंशांपर्यंत, कललेली असते. चार चाकी बग्गीत हा कल पुष्कळ कमी असतो आणि तो बदलणे घरच्या हत्यारांनी सोपे नाही. त्याऐवजी पुढे लांब उभ्या धारांचे अरुंद टायर घालावेत, मागे मऊ रबराचे. दिल्लीच्या परिसरात उन्हाळ्यात कठीण जमिनीवर सैल धुळीचा थर असतो. तेथे टायरांची ही अदलाबदल इतर कोणत्याही फेरफारापेक्षा अधिक उपयोगी पडते. काढलेले शाफ्ट व चक्रे तेल लावून, कागदात गुंडाळून, कोणता भाग कोणत्या बाजूचा हे लिहून ठेवावे. पावसाळ्यात चिखल झाला म्हणजे ती पुन्हा बसविता येतात.