रेडिएटर गार पडला, पण नेमका कुठे?

ब्रिटनमध्ये थंडी सुरू झाली, हीटिंग चालू केलं, की घरातला एखादा रेडिएटर हटकून दगा देतो. पुण्या-नाशिकहून तिकडे स्थायिक झालेल्यांना मग शेजारीपाजारी एकच उपाय सांगतात: हवा काढा. सल्ला खोटा नाही, पण तो एकाच दुखण्यावरचा आहे. आधी हात लावून बघावं, गार लागतंय ते वर, खाली की सगळीकडेच?

वर गार आणि खाली गरम असेल, तर आत हवा अडकलेली असते. हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्यायचा, खाली फडकं धरायचं आणि वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूला छोटी चावी लावून पाव वेढा फिरवायचा. सूंऽऽ असा आवाज येतो. पाणी येऊ लागलं की स्क्रू आवळायचा. इथवर बहुतेकांना जमतं. विसरतो तो बॉयलरचा काटा. हवेबरोबर प्रेशरही उतरतं. काँबी बॉयलर थंड असताना ते साधारण 1 ते 1.5 बार हवं. फार उतरलं तर बॉयलरच बंद पडतो.

‘घर जुनं आहे, दर पंधरवड्याला हवा काढावीच लागते, चालायचंच!’ छे, चालायचं नाही. नळ्यांतून तेच ते पाणी फिरत असतं, त्यात सारखी हवा येण्याचं कारण नाही. एक तर कुठून तरी हवा शिरते आहे किंवा आतलं लोखंड गंजतं आहे. या गंजण्यातून हायड्रोजन तयार होतो आणि तोही वर जाऊन बसतो, म्हणून स्क्रू उघडताना जवळ मेणबत्ती किंवा सिगारेट नको. त्याच गंजाचा दुसरा अवतार म्हणजे मॅग्नेटाइटचा काळा, जड गाळ. तो तळाशी साचतो. वर गरम आणि खाली गार, अशी उलटी तऱ्हा दिसली की हा गाळच समजावा. इथे चावी कितीही फिरवा, व्यर्थ. रेडिएटर उतरवून धुवावा लागतो किंवा सगळी सिस्टिम फ्लश करून पाण्यात गंजरोधक रसायन घालावं लागतं.

अख्खा रेडिएटर गार, बाकीचे मात्र गरम? मग संशय थर्मोस्टॅटच्या व्हॉल्व्हवर. उन्हाळाभर बंद राहिल्याने त्याची पिन चिकटून बसते. वरचा नॉब काढून पिन हलकेच दाबली, की ती आत जाऊन आपोआप वर यायला हवी. पकडीने ओढू मात्र नये. निघून हातात आली तर पाण्याची पिचकारी उडते.

त्याच नॉबवरचा 5 चा आकडा लावला की खोली लवकर तापते, हाही भ्रमच. आकडा वेग ठरवत नाही, खोली किती तापल्यावर पाणी अडवायचं ते ठरवतो. बहुतेक नॉबवर 3 म्हणजे सुमारे 20 अंश.

एवढं घरच्या घरी जमतं. बॉयलरचं झाकण मात्र उघडू नये. गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेलाच माणूस लागतो, आणि दारात आल्यावर त्याचं ओळखपत्र मागायला संकोच नको.