माते डेस्कटॉप आणि त्यातली मराठी

लिनक्सचा संगणक सुरू केल्यावर समोर जे दिसतं, ते लिनक्स नसतं. लिनक्स हा आतला गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांची वाटणी करणं हे त्याचं काम. वरची पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ, फायली उघडणारी खिडकी, संगणक बंद करताना येणारी चौकट हा सगळा कारभार डेस्कटॉप नावाच्या वेगळ्या प्रणालीसंचाकडे असतो. तो बदलताही येतो. एकाच यंत्रावर ग्नोम, केडीई, एक्सएफसीई आणि माते असे चार डेस्कटॉप ठेवावेत आणि आत शिरताना हवा तो निवडावा. आयुष्यभर विंडोज वापरलेल्या माणसाला याचं नवल वाटतं.

या डेस्कटॉपांचा जन्म तक्रारीतून झाला. १९९६च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या मात्थियास एट्रिश या विद्यार्थ्याने लिहिलं, की युनिक्सवर प्रत्येक प्रोग्रामची बटणं वेगळी, मेनू वेगळे, वागणूक वेगळी. साध्या माणसाने हे वापरायचं कसं? त्यातून केडीई उभा राहिला. पण त्याचा पाया असलेली क्यूटी ही लायब्ररी एका नॉर्वेजियन कंपनीची होती आणि तेव्हा ती पूर्णपणे मुक्त नव्हती. ते न पटल्यामुळे मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी १९९७च्या ऑगस्टमध्ये ग्नोमची घोषणा केली. पुढे २००० साली क्यूटीही मुक्त परवान्याखाली आली आणि भांडणाचं कारण उरलं नाही. डेस्कटॉप मात्र दोन्ही टिकले.

मराठीच्या दृष्टीने भाषांतर ही पुढची पायरी होती. आधी अक्षरं नीट उमटायला हवी होती. लोणावळ्यात काय आणि पुण्यात काय, जुन्या डीटीपीच्या दुकानात ज्यांनी पत्रिका छापून घेतल्या त्यांना आठवत असेल: फाँट दुसऱ्या यंत्रावर नसला की अख्खा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होऊन समोर यायचा. कारण संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले होते. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, पण आकाराची जबाबदारी घेतली नाही. ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढायची. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा. शिवाय मराठीची खास अडचण: मावळात बसून ‘दऱ्या’ लिहावं आणि पडद्यावर ‘दर्या’ उमटावा, हे चालण्यासारखं नाही. डोंगराखालच्या खोल जागा आणि समुद्र यांत फरक एवढ्या एका आडव्या ‘र’चाच आहे. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली.

ही अक्षरजुळणी ग्नोममध्ये पँगो नावाची लायब्ररी करू लागली. २००२च्या जूनमध्ये आलेल्या ग्नोम २ पासून ती डेस्कटॉपच्या मुळाशीच बसली. आज तेच काम हार्फबझ करते, आणि ती लायब्ररी ग्नोम, केडीई, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड या सगळ्यांत आहे. मुक्त डेस्कटॉपांसाठी झालेली ही मेहनत अशा रीतीने आपल्या खिशातल्या फोनपर्यंत पोचली. मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाने हे जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आमचं वलवण हे मुंबई आणि पुण्याच्या मधलं गाव. जुना हमरस्ता इथून जातो, द्रुतगती मार्गावरून लोणावळ्यात उतरायचं तेही इथेच. मराठी डेस्कटॉपची गोष्टही या दोन शहरांत वाटली गेली आहे. व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेला इंडलिनक्स हा प्रकल्प मुंबईचा. इंग्रजी न येणाऱ्या बहुसंख्य भारतीयांना संगणक त्यांच्या भाषेत मिळावा, हा त्यामागचा विचार. जुहूला सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेत याच कामाचा ‘जनभारती’ प्रकल्प चालला. पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या कार्यालयात भारतीय भाषांचा मोठा गट होता. ‘लोहित’ हा फाँटांचा संच कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुला केला आणि पुढे तो सांभाळण्याचं बरंच काम पुण्यातच झालं. आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे लिहिले जातात, तेव्हा मराठीसाठी लोहितचा वेगळा फाँटही निघाला.

भाषांतराचं काम दिसतं त्यापेक्षा फार अवघड. प्रत्येक प्रोग्रामसोबत एक साधी मजकुराची फाईल असते: एका ओळीत इंग्रजी वाक्य, खाली मराठीसाठी रिकामी जागा. अशा हजारो जोड्या. इंग्रजी वाक्यात मध्ये एक खूण असते आणि चालू यंत्रावर तिथे फाईलचं किंवा फोल्डरचं नाव येऊन बसतं. इंग्रजीत ते कुठेही खपून जातं. मराठीत नामाला प्रत्यय लागला की नाम आतून बदलतं. ‘पुणे’ नावाच्या फोल्डरमध्ये काही हलवलं, तर ‘पुण्यात हलवले’ म्हणायला हवं. यंत्र म्हणतं ‘पुणे मध्ये हलवले’. फाईल ‘हटवली’, फोल्डर ‘हटवला’, चित्र ‘हटवलं’. पण समोर काय येणार हे भाषांतर करणाऱ्याला आधी माहीत नसतं. मेनूतल्या शब्दापुढे कंसात एक रोमन अक्षर ठेवावं लागतं, कारण कळफलकावरून मेनू उघडण्याची सोय त्या अक्षरावर चालते. सरकारी वाटणारी जी मराठी या पडद्यांवर दिसते, तिला अनेकजण नावं ठेवतात. त्यातली बरीचशी अशा अडचणींतून वाट काढताना आलेली आहे. ‘“पुणे” या फोल्डरमध्ये’ असं लिहिलं की निदान व्याकरण सांभाळलं जातं. २००८मध्ये रेड हॅटमधून ‘फ्युएल’ नावाचा उपक्रम निघाला: डेस्कटॉपवर वारंवार लागणारे शब्द आधी भाषेच्या जाणकारांसोबत बसून ठरवायचे, म्हणजे एकाच गोष्टीला प्रत्येक प्रोग्राममध्ये निराळा शब्द यायचा नाही.

ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते. एखाद्या भाषेत निदान ८० टक्के वाक्यांचं भाषांतर असेल, तरच ती भाषा चांगली चालते असं धरतात. दर आवृत्तीत नवी वाक्यं येतात, जुनी बदलतात, म्हणजे काल केलेले ८० टक्के उद्या आपोआप खाली घसरतात.

मग २०११चा एप्रिल आला. ग्नोम ३ने जुनी मांडणी पार मोडली. खालची पट्टी, नेहमीचा मेनू, सगळं गेलं. अनेकांना ते रुचलं नाही. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २चा सगळा स्रोत (सोर्स कोड) घेतला आणि तो वेगळ्या नावाने पुढे चालू ठेवला. तिकडच्या पानांच्या पेयावरून नाव दिलं माते. हे करायला त्याला कुणाची परवानगी लागली नाही. मुक्त परवान्याचा अर्थच तो. आणि स्रोतासोबत त्या साध्या मजकुराच्या फायलीही गेल्या. महाराष्ट्रात लिहिलेली हजारो मराठी वाक्यं, ग्नोमच्या मूळ घरात जिथे त्यांची गरज संपली होती तिथून निघून, अर्जेंटिनातून सुरू झालेल्या प्रकल्पात जशीच्या तशी राहिली. एखाद्या कंपनीचं धोरण बदलो, लिहिणारे दुसऱ्या नोकऱ्यांत जावोत, असं काम बुडत नाही. मराठीसाठी झालेल्या संगणकीय कामांपैकी इतकं टिकलेलं फार थोडं आहे.

वलवणच्या आमच्या घरी २ जीबी मेमरीचा एक जुना संगणक आहे. नवं विंडोज त्यावर चालत नाही. उबुंटू माते पेनड्राइव्हवरून घातलं, भाषा मराठी निवडली आणि यंत्र कामाला लागलं. माझ्या आईला इंग्रजी वाचता येतं, पण सवय मराठीची. ती फोल्डर उघडते, फोटो पाहते, पीडीएफ वाचते. मध्येच एखादं इंग्रजी वाक्य डोकावतं, कारण जिथे मराठी ओळ रिकामी असते तिथे मूळ इंग्रजीच दाखवलं जातं. अशा वेळी ती मला हाक मारते.

त्या रिकाम्या ओळी भरायला प्रोग्रामर असावं लागत नाही. मातेची भाषांतरं ट्रान्सिफेक्स या संकेतस्थळावर होतात, ब्राउझरमध्ये बसून करता येतात. माझ्या मते सुरुवात पॉवर मॅनेजरपासून करावी. इथे पावसाळ्यात वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो, आणि किती मिनिटं उरली, काम आत्ता साठवायचं का, हे सांगणारी वाक्यं घाईत वाचली जातात. ती आधी मराठीत असायला हवीत. त्यांच्यानंतर फाईल कायमची हटवण्याआधी येणारी सूचना.